गाऱ्हाण्याची मुदत

या, असे पुढे सरका. खांबाला टेकून बसणारा माणूस आख्यान रंगायच्या आत घोरायला लागतो, तेव्हा खांब सोडा आणि जवळ या. आज पुराणातली कथा नाही. पेडणे तालुक्यातल्या कोरगावच्या एका बाईने देवाला एक प्रश्न विचारला, आणि तोच प्रश्न ग्राहक आयोगात तिच्यावर कसा उलटला, ते सांगायचे आहे. पूर्वरंग लांबवत नाही. बुवा पूर्वरंग लांबवतात तेव्हा आपण सगळे मनाने घरी जाऊन भात उतरवून आलेले असतो.

बाईचे नाव कमलाक्षी. नवरा गोकुळदास. डोंगरकडेला काजूची बाग, आणि बागेत जांभ्या दगडात कोरलेली उथळ टाकी. तिला कोळंबी म्हणतात. हंगामात काजूची बोंडे तिच्यात टाकायची आणि पायांनी तुडवून रस काढायचा. हे काम गोकुळदास स्वतः करी. गड्यांचे पाय त्याला पसंत पडत नसत.

अशाच एका हंगामात त्याची कंबर धरली. तो श्रीनाथ डॉक्टरांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टर गावचेच, देवळाचे महाजन म्हणजे पिढीजात मानकरी, हाताला गुण असलेले. कीर्तनाच्या सप्ताहात पहिल्या रांगेत बसून मान डोलवणारे. बाहेर रांग होती. डॉक्टरांनी गोकुळदासाला उभ्यानेच इंजेक्शन दिले. गोकुळदास फाटकापर्यंत चालत आला तेव्हा बाकावरच्या एका म्हातारीने त्याला सांगितले, की त्याची उजवी चप्पल आत टेबलाखाली राहिली आहे. त्याला ते कळलेच नव्हते. पाऊल खाली लोंबत होते. चप्पल त्या पावलात परत काही टिकली नाही.

डॉक्टर म्हणाले, शीर झोपली आहे, जागी होईल. त्यांनी तेल दिले, गोळ्या दिल्या. शीर पावसाळाभर झोपली. गणपतीची चवथ झाली, दिवाळी झाली, तरी झोपूनच राहिली. डॉक्टर वाटेत भेटले की विचारीत, कसे आहे, आणि उत्तर यायच्या आत म्हणत, येईल, येईल.

आता कमलाक्षीच्या मनातली गोष्ट सांगतो, कारण सगळे घोडे तिथेच अडले होते. डोंगरावर राखणदार असतो, म्हणजे त्या जागेचा देव, तो बागेची राखण करतो, आणि हंगामाच्या तोंडावर त्याला तांदळाच्या पिठाचा जाड रोट द्यावा लागतो. ती नेमाने देई. पण त्या वर्षी मुलगी क्षमा साखळीला सासरी बाळंत झाली. कमलाक्षी तिकडे धावली, रोट पुढच्या आठवड्यावर गेला, आणि पुढचा आठवडा काही आला नाही. मग हे पायाचे झाले. गावात तोंडावर कोणी काही बोलले नाही. फक्त बायका तिला आवर्जून विचारू लागल्या, रोटाला यंदा पीठ कुठले घेतलेस गो. ती सांगे, घरचेच. आणि घरी येऊन जेवत नसे.

क्षमा साखळीच्या शाळेत शिकवते. तिचे सरळ गणित होते. इंजेक्शन दिले आणि पाय गेला, केस घालायची. कमलाक्षीने ऐकून घेतले आणि म्हणाली,

"देवाक इचारल्याशिवाय मी कोर्टाची पायरी चढूचंय नाय."

यात नवल काही नाही. आपल्याकडे मुलीचे लग्न, विहिरीची जागा, म्हशीचा सौदा, काही असो, आधी कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला फुलांच्या ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुकाट्याने मान्य करून घरी जायचे. त्याआधी गुरव गाऱ्हाणे घालतो, म्हणजे सगळ्या गावासमक्ष मोठ्या आवाजात देवाला हकिकत सांगतो, आणि जमलेले लोक "होय म्हाराजा" म्हणून होकार भरतात.

शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या दिवसांत सदाशिव गुरवाने गोकुळदासाचे गाऱ्हाणे घातले. देऊळ भरलेले होते. श्रीनाथ डॉक्टरही महाजनांच्या रांगेत उभे होते. गाऱ्हाणे संपले, लोकांनी होकार भरला, गुरवाने कळ्या ओल्या केल्या. एवढ्यात कौलाच्या वेळी देवाच्या उजव्या हाताला कोणी उभे राहायचे, यावरून महाजनांच्या दोन गटांत बाचाबाची झाली. देवाचे नाव मुद्दाम घेत नाही. तंटा अजून मिटलेला नाही, आणि दोन्ही गटांचे लोक कीर्तनाला येतात. पोलीस आले. मग मामलेदारांचा हुकूम आला, की निकाल लागेपर्यंत नित्यपूजा चालू ठेवावी, कौल बंद.

म्हणजे प्रश्न दाखल झाला होता आणि उत्तर राखून ठेवले गेले होते.

क्षमाने सुचवले, की साखळीचे देव काय थोडे आहेत, तिकडे विचारू. कमलाक्षी म्हणाली, एका देवापुढे ठेवलेली गोष्ट दुसऱ्या देवाकडे न्यायची नाही, दोघांचाही अपमान होतो. पुढे वकिलांनी सांगितले की कायद्यातही जवळपास असेच आहे. तिला त्याचे विशेष काही वाटले नाही.

देवळाचा तंटा रेंगाळला. दरम्यान क्षमाने बापाला जवळजवळ ओढतच सरकारी मोठ्या इस्पितळात नेले आणि नसांची यंत्रावर तपासणी करवली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोकुळदासाच्या ढुंगणावर बोट ठेवले आणि सांगितले, शीर इथे दुखावली आहे, सुईने, आणि जुनी गोष्ट आहे. शीर झोपलेली वगैरे नाही. गोकुळदासाला आनंद झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या पायाबद्दल कोणी पूर्ण वाक्य बोलले होते.

कमलाक्षीची मात्र सुटका झाली नाही. सुई डॉक्टरांच्या हातची, हे तिला पटले. पण इतक्या वर्षांचा गुणाचा हात नेमका त्याच दिवशी, नेमक्या तिच्याच नवऱ्यावर का चुकला, हे यंत्राला कुठे कळते? तो हात कोणी हलवला? डोंगराकडे तोंड करून उभे राहायचेही तिने सोडून दिले होते.

शेवटी मामलेदारांनी दोन्ही गटांना आलटून पालटून उजवी बाजू वाटून दिली आणि कौल सुरू झाला. कमलाक्षी पहिल्याच सोमवारी गेली. कळी उजवी पडली. कोर्टात जा.

मग ही तिघे डिचोलीला वकील रुद्रेश यांच्याकडे गेली. रुद्रेश तरुण, हुशार, आणि ऐकून घेताना पेनाचे टोपण उघडझाप करणारा. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, की डॉक्टरांनी फी किती घेतली. गोकुळदास अभिमानाने म्हणाला, एकाच देवळाची माणसे आम्ही, फी कसली. रुद्रेशचे टोपण थांबले. तो म्हणाला, काका, फुकट उपचार घेतला तर तुम्ही ग्राहकच नाही असे ते म्हणतील. कमलाक्षीला राग आला. आपण कोणाचे फुकट घेत नाही, दर हंगामात डॉक्टरांकडे ओल्या काजूची टोपली जाते, त्याही वर्षी गेली, असे तिने ठणकावून सांगितले. रुद्रेशने ते अत्यंत समाधानाने लिहून घेतले. शिवाय डॉक्टर इतर रोग्यांकडून फी घेत होते, म्हणजे कायद्याने फुकटचा रोगीही ग्राहकच ठरत होता. पहिली धोंड गेली.

मग त्याने विचारले, हे कधी झाले. क्षमाने सांगितले. टोपण पुन्हा थांबले.

तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. दोन वर्षे इंजेक्शनच्या दिवसापासून मोजली तर केव्हाच सरली होती. कमलाक्षीने विचारले, पण देवाचा कौल बंद होता ते दिवस धरत नाहीत काय? रुद्रेश म्हणाला, काकी, कोर्टाला सुट्टी असली तर धरतात, देवाचा कौल बंद असला तर धरत नाहीत.

पण त्याच्याकडे एक वाट होती. माणसाला आपले नुकसान कशामुळे झाले हे ज्या दिवशी कळते, त्या दिवसापासून मुदत मोजावी, असे मांडता येते. नसांच्या तपासणीने ते कळले, आणि तिथून मोजले तर तक्रार वेळेत आहे. शिवाय जोडीला विलंब माफ करण्याचा अर्ज द्यायचा. त्याने अर्जाचा मसुदा वाचून दाखवला. छान होता. डॉक्टर येईल येईल म्हणत राहिले, आम्ही विश्वास ठेवला, तपासणी झाली तेव्हा खरे समजले.

"आनी कौल?" कमलाक्षीने विचारले.

रुद्रेश म्हणाला, कौलाचे काही लिहायचे नाही. ती म्हणाली, लिहायचे. तो म्हणाला, काकी, त्याने फायदा नाही, तोटा होईल. ती म्हणाली,

"देवाचा नाव काढून टाकूचा, तर मगे देवाक इचारला कित्याक?"

गोकुळदास म्हणाला, लिही बाबा, नाहीतर ही सही करायची नाही, आणि पाय माझा असला तरी घर हिचे आहे. रुद्रेशने लिहिले. शिगम्यात गाऱ्हाणे घातले, कौल बंद झाला, उघडल्यावर घेतला, तोवर थांबलो. लिहिताना त्याचा चेहरा आपल्या हाताने आपल्याच घराची कौले उतरवणाऱ्यासारखा होता.

आणि झाले तेच. अर्जावरच्या सुनावणीला डॉक्टरांच्या बाजूने पणजीचे नामांकित वकील आले. त्यांनी नसांच्या तपासणीवर वाद घातलाच नाही. त्यांनी फक्त कौलाचे तेवढे वाक्य वाचून दाखवले. म्हणाले, तक्रारदार सांगतात की कारण तपासणीत कळले. पण त्याच्या कितीतरी आधी, भर देवळात, सगळ्या गावासमक्ष, यांनी माझ्या अशिलाचे नाव घेऊन गाऱ्हाणे घातले होते, आणि कोर्टात जाऊ का असे विचारले होते. ज्याला काही माहीत नाही तो कोर्टात जाऊ का असे विचारेल कशाला? म्हणजे यांना तेव्हाच सगळे माहीत होते. मुदत त्या दिवसापासून धरली तरी संपली. जी गोष्ट यांनी देवाला वेळेवर सांगितली, ती आयोगाला सांगायला यांनी उशीर केला.

हे शेवटचे वाक्य त्यांनी घरून तयार करून आणले असावे. छान पडले. रुद्रेश टोपण शोधत होता, ते हातातच होते.

कमलाक्षी मागच्या बाकावर बसून ऐकत होती. तिला एवढे समजले, की आपण खरे लिहिले म्हणून दार बंद होते आहे. आणि दार बंद झाले की पायाचे काय झाले ते कोणीच कधी सांगणार नाही. मग उरेल तो फक्त रोट. गावाच्या तोंडी राहील, आणि तिच्या मनात राहील. उजवा कौल देऊन देवाने आपल्याला इथे आणले ते शिक्षेला तर नव्हे, असेही तिच्या मनात येऊन गेले.

रुद्रेश उठला. त्याने सांगितले, की गाऱ्हाण्यात आरोप नव्हता, विचारणा होती. पणजीचे वकील म्हणाले, डॉक्टरांनी प्रतिज्ञापत्रात स्पष्ट म्हटले आहे की आरोप होता. आयोगाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि विचारले, डॉक्टर हजर आहेत का. डॉक्टर हजर होते. यायची गरज नव्हती, वकिलांनी तसे सांगितलेही होते, पण ते आले होते आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले होते. ते उभे राहिले. वकील म्हणाले, प्रतिज्ञापत्र असताना तोंडी विचारण्याचे प्रयोजन नाही. बाई म्हणाल्या, मला गाऱ्हाण्याचे शब्द हवे आहेत, ते पत्रात नाहीत.

"तुम्ही देवळात होता?"

"होतो."

"गुरव काय म्हणाला?"

डॉक्टरांनी सवयीने हात जोडले. आपल्या सगळ्यांचेच तसे होते. गाऱ्हाणे बोलायला लागलो की हात आपोआप जुळतात. आणि ज्या भाषेत ऐकले त्याच भाषेत ते म्हणाले,

"बा देवा म्हाराजा, ह्या गोकुळदासाचो पाय डॉक्टराच्या सुयेन गेलो, काय घराचो कायतरी दोष आसा, काय राखणदाराचो मान चुकलो, ता आमका कळना नाय. तू ता उजेडात हाड, आनी कोर्टाची वाट धरूची काय नाय ता सांग, म्हाराजा."

आयोगाच्या खोलीत कुठूनतरी हळूच "होय म्हाराजा" आले. बहुतेक शिपाई पेडण्याचा असावा. बाईंनी तिकडे पाहिले नाही.

"आम्हाला कळत नाही, असे शब्द होते?"

"होय."

"आणि त्याला सगळ्यांनी होकार दिला. तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

"म्हणजे त्या दिवशी कारण कोणालाच माहीत नव्हते. तुम्हालाही नाही."

आता पणजीच्या वकिलांची अडचण पाहा. डॉक्टरांना माहीत नव्हते म्हणावे, तर कमलाक्षीला तरी कुठून माहीत असणार, आणि मुदतीचा मुद्दा जातो. माहीत होते म्हणावे, तर सगळेच जाते. इतक्या वर्षांच्या वकिलीत एकाच वेळी दोन्ही बाजूंनी मान हलवायची पाळी त्यांच्यावर प्रथमच आली. त्यांनी डॉक्टरांना खाली बसण्याची खूण केली.

डॉक्टर बसले नाहीत. त्यांनी जोडलेले हात सोडले. मग बाईंकडे नाही, मागच्या बाकाकडे वळून म्हणाले,

"त्यांना माहीत नव्हते. मला माहीत होते. त्यांना झोपवायला हवे होते, मी उभ्यानेच टोचले. बाहेर रांग होती, मी घाईत होतो. सुई गेली आणि पाय उडाला, तेव्हाच मला कळले. नंतर येईल येईल म्हणालो ते मला धीर देण्यासाठी. आणि देवासमोर आम्हाला कळत नाही याला मी होय म्हटले. त्या दिवसापासून मी कीर्तनाला जातो ते मागच्या रांगेत बसतो, कमलाक्षीबाई. तुम्ही पाहिले असेल."

कमलाक्षीने पाहिले नव्हते. ती त्या दिवसांत कीर्तनात डोळे मिटून बसत असे.

अध्यक्षबाईंनी हुकूम सांगायला सुरुवात केली आणि टंकलेखिका लिहू लागली. तक्रारदारांना नुकसानीचे कारण नसांच्या तपासणीनंतरच समजले असे दिसते, सबब तक्रार मुदतीत आहे, जो काही विलंब असेल तो माफ करण्यात येतो, तक्रार दाखल करून घेण्यात येते. देवाचा कौल हे विलंबाचे पुरेसे कारण आहे किंवा कसे, यावर मत देण्याची आयोगास आवश्यकता वाटत नाही. पुढची तारीख पावसाळ्यानंतर.

बाहेर आल्यावर रुद्रेश घाईघाईने समजावू लागला. ही फक्त सुरुवात आहे, हे कोणी विसरू नये. डॉक्टर आज जे बोलले ते उशिराच्या अर्जावर बोलले, मुख्य तक्रारीत ते पुन्हा पुराव्यात यावे लागेल. शिवाय तज्ज्ञाचे मत लागेल, आणि डॉक्टरविरुद्ध मत लिहून देणारा डॉक्टर मिळणे म्हणजे काय ते विचारू नका. क्षमा मान हलवत ऐकत होती. कमलाक्षी पायरीवर बसली होती. ती काहीही ऐकत नव्हती. तिचा चेहरा रडून मोकळ्या झालेल्या माणसासारखा होता, आणि ती रडली तर नव्हती.

"रांग होती म्हणान," ती म्हणाली. "निसती रांग होती म्हणान."

"मी तुका तेवाच सांगलेला," गोकुळदास म्हणाला, "उभ्यान मारल्यान म्हणून. तू रोट रोट करीत बसलंस."

"तुमी कधी सांगलात?"

"मनात."

ती हसली. किती दिवसांनी हसली ते क्षमाने मोजले नाही, पण तिने मान फिरवून डोळे पुसले. मग तिघे बसथांब्याकडे निघाली, गोकुळदासाच्या चालीने. वाटेत कमलाक्षीने ठरवले, की घरी गेल्यावर राखणदाराला रोट द्यायचा. चूक झाली म्हणून नाही, द्यायचा असतो म्हणून.

तक्रार अजून चालू आहे. तारखा पडतात. तज्ज्ञ अजून मिळालेला नाही. पायही तसाच आहे. कोळंबीत आता गड्यांचे पाय आहेत, आणि गोकुळदास काठावर बसून त्यांच्या चुका काढतो.

आता थोड्या वेळात आरतीचे ताट तुमच्यापुढे येईल. गोकुळदास आणि कमलाक्षीसाठी तुम्ही हात जोडालच, ते सांगावे लागत नाही. पण ताटावरून हात फिरवताना श्रीनाथ डॉक्टरांचीही आठवण ठेवा. ते तिकडे मागे, दाराशी बसलेले असतात. त्यांच्या वकिलांनी त्याच दिवशी वकालतनामा मागे घेतला. सध्या त्यांची बाजू मांडायला कोणी नाही.